सहाव्या ओळीतल्या चंद्रकोरी

सीबीडी बेलापूर, १० फेब्रुवारी २०२५

सुमे,

तू सांगलीला गेलीस हे मला सोसायटीच्या वॉचमनने सांगितलं. वॉचमनने! "मॅडम, सुमित्राबाई तर शुक्रवारीच गेल्या, मुलीकडे. दोन बॅगा होत्या." मी म्हटलं, हो हो, माहीत आहे मला. आता या वयात त्याच्यासमोर कुठे तोंड वाकडं करायचं? अख्खी नोकरी नकाशे गिरवत एका टेबलावर काढली आपण, रिटायर झाल्यावर समोरासमोरच्या जिन्यांत घरं घेतली, आणि मला काय ते वॉचमनकडून कळावं? वा गं वा.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज पोचतो, पण वाचलेला दिसत नाही. म्हणून पत्र टाकते आहे. पत्र कट करता येत नाही. अक्षर मोठं आलंय तिकडे लक्ष देऊ नकोस, अमरीनने जाड टोकाचं पेन आणून दिलंय, त्याने बारीक लिहिताच येत नाही.

नमिता शेजारी बसून वाचत असेल तर तिलाही कळू दे आईसाहेब कशावर रुसल्यात, म्हणून पहिल्यापासून सांगते. नमिता, बेटा, अमरीन ही माझ्या भावाची मुलगी. दोन वर्षांपूर्वी ती संशोधनासाठी माझ्याकडे राहायला आली ती फोटोंचं बाड घेऊनच. पॅसिफिक समुद्रात कुठेतरी रापा नुई नावाचं बेट आहे. तिथल्या लाकडी फळ्यांवर ओळीच्या ओळी कोरलेल्या आहेत. माणसं, पक्षी, मासे, कासवं. ही लिपी आज जगात कोणालाही वाचता येत नाही. ज्यांना येत होती ते गुलामगिरीत आणि साथीत गेले, दीडशे वर्षांहून जास्त झाली. सगळ्या फळ्यांमध्ये एकाच फळीवरच्या थोड्याशा भागाबद्दल पंडितांचं बऱ्यापैकी एकमत आहे. तिथे चंद्रकोरी ओळीने कोरल्यात आणि तो महिन्यातल्या रात्रींचा हिशोब असावा. असंच काही आणखी कुठे सापडतं का, हे अमरीनला कॉम्प्युटरवर शोधायचं होतं. पण लाकडाच्या भेगा आणि किडीची भोकं कॉम्प्युटरला अक्षरंच वाटायची. तेव्हा ती म्हणाली, "फुफी, तुम्ही दोघी ट्रेसर होतात ना?"

तुझी आई म्हणाली, "होतो म्हणजे? ट्रेसर कधी रिटायर होतो का?" आणि दुसऱ्या दिवशी ट्रेसिंग पेपर, शाईची पेनं, खरवडायचं ब्लेड असा सगळा सरंजाम घेऊन हजर.

आता रुसव्याचं. त्या लिपीत एक ओळ सरळ असते, पुढची डोक्यावर उभी. ओळ संपली की फळी अर्धी फिरवायची आणि पुढे वाचायचं. त्यातल्या एका फळीची सहावी ओळ तुझ्या आईने काढली. रेघ अशी की बघत राहावं. पण फाइलला लावताना पान पालथं लागलं. ट्रेसिंगवरची शाई दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. सगळ्या कोरींची तोंडं मात्र उलटी झाली. अमरीनला वाटलं, इथे चंद्र उतरतीला लागतोय, हे आजवर कोणी पाहिलं नव्हतं. पोरीने परदेशातल्या तिच्या सरांना कळवलंसुद्धा. पंधरा दिवस तिचे पाय जमिनीवर नव्हते. मग एका दुपारी मी पान दिव्याच्या काचेवर ठेवलं आणि म्हटलं, "सुमे, हे पालथं आहे."

एवढंच म्हटलं. अमरीन रडली, तोंड धुतलं, सरांना चुकीचं पत्र मागे घेतल्याचं लिहिलं आणि चहा ठेवला. आणि सुमे, तू पेनाला टोपण लावलंस आणि गेलीस. ती तिथून थेट सांगली!

मी बोलले ते बोलले, उद्या तसंच झालं तर परत बोलेन. पालथं पान ते पालथंच. पण त्यासाठी कोणी गाव सोडतं का गं?

तुझ्या घराची किल्ली आहे माझ्याकडे. तुळशीला पाणी घालते आहे.

तुझी,
खैरून

सीबीडी बेलापूर, २३ फेब्रुवारी २०२५

सुमे,

नमिताचा फोन आला. पत्र मिळालं म्हणाली. तू काय म्हणालीस ते विचारलं. मग म्हणाली, "मावशी, आई म्हणते माझं नाव काढून टाका."

नाव काढून टाका! हे बघ, मी शांतपणे लिहिते आहे, असं समज.

अमरीनचा लेख मार्चअखेर जायचाय. नवीन शोध वगैरे काही नाही त्यात. दुसऱ्या फळ्यांवर तसा महिना सापडला नाही, असंच ती प्रामाणिकपणे लिहिणार आहे. पण आपण काढलेली सगळी पानं लेखाला जोडली जाणार. पुढे कुठल्याही देशातला कोणी या लिपीच्या मागे लागला तर आपल्या रेघा समोर ठेवून बसेल. खाली नाव असणार: ट्रेसिंग, खैरुन्निसा मुकादम आणि सुमित्रा मढवी. तुझं नाव नाही तर माझंही नाही, आणि आपल्या दोघींची नावं नाहीत तर लेख जाणार नाही, असं अमरीन म्हणते. माझ्यापेक्षा हट्टी आहे ती. तेव्हा तुझ्या एका "काढून टाका"वर पोरीचं दोन वर्षांचं काम लटकलंय, एवढं ध्यानात ठेव.

आठवतंय ना, ऑफिसात आपण किती नकाशे काढले? एकावरही आपलं नाव बाहेर कोणाला दिसलं नाही. नाव साहेबांचं. नवी मुंबईसाठी तुझ्या गावाचा, शिरवण्याचा नकाशा आला तेव्हा मी तुला म्हटलं होतं, दे इकडे, मी काढते. तू ऐकलं नाहीस. स्वतःच्या बापाच्या भातशेतीवर सेक्टरच्या रेघा स्वतःच्या हाताने मारल्यास, आणि एक रेघ हलली नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता बसलीस. मी माझ्या डब्यातलं कालवण तुझ्यापुढे सरकवलं तर म्हणालीस, "मीठ कमी हाय." त्या दिवसापासून मी तुला ओळखते. कशाने मोडणारी बाई नाहीस तू.

आणि एका पालथ्या पानाने मोडलीस?

परवा दिवाळे गावात मासळीला गेले होते. मासळीवाली पुतळा विचारत होती, "तुमची जोडीदारीन कुठं हाय?" मी म्हटलं, लेकीकडे लाड करून घ्यायला गेलीय. बोंबील वाळत घातले होते. तुझंच आठवलं. कोरींच्या मधे मधे ती एक खूण येते ना, दोरीला लटकलेल्या माशासारखी, पंडितांच्या मते आधी डोकं वर आणि पौर्णिमेनंतर खाली? ती पहिल्यांदा बघून तू म्हणालीस, "हे तर दिवाल्याचे बोंबील!" अमरीन इतकी हसली की चहा सांडला. घर भरलेलं असायचं गं तेव्हा.

माझा गुडघा ठीक आहे. तू विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगते.

खैरून

सीबीडी बेलापूर, ११ मार्च २०२५

सुमित्रा,

रोजे चालू आहेत, त्यामुळे जास्त भांडायची ताकद नाही. थोडक्यात लिहिते.

सहावी ओळ अजून कोरी आहे. पालथं पान सरळ करून लावलं की झालं, असं वाटलं होतं. पण अमरीनने ते मोठं करून तपासलं तेव्हा एकदोन ठिकाणी रेघ खुणेच्या बाहेर गेलेली दिसली. ओळ नव्याने काढायला हवी. अमरीन म्हणाली, "फुफी, तुम्ही काढा ना, एका दिवसाचं काम." मी म्हटलं, नाही काढणार. ती सुमीची ओळ आहे. वाटणी करताना सम आकड्याच्या ओळी तिने मागून घेतल्यात. उलट्या ओळी मला द्या म्हणाली, सरळ काय कोणीही काढेल! ऑफिसात कोणाचं पान कोणी पुरं केलं नाही, आता कशाला?

म्हणजे बघ, नाव तर दूरच, ओळच नाही. लेख तिथेच अडलाय.

नमिताने फोनवर सांगितलं की तू तव्यावर हात भाजून घेतलास. आणि परवा चहा कपाच्या शेजारी ओतलास, आणि तिने विचारलं तर तिच्यावरच ओरडलीस. डॉक्टरकडे जायचं नाही म्हणतेस. बरं, नको जाऊस. मी काही म्हणत नाही. बर्नॉल लाव.

संध्याकाळी रोजा सोडताना मी दोन खजूर जास्तच काढते. सवय. तू रोजा न धरता पहिला खजूर उचलायचीस. ते दोन मग अमरीन खाते, आणि माझ्याकडे बघत नाही.

मला तुझी फार आठवण येते गं, मेले.

खैरून

सीबीडी बेलापूर, ३१ मार्च २०२५

सुमे,

आज ईद. काल तुझा पाडवा होता, आणि संध्याकाळी आमचा चाँद दिसला. दोघींचा चंद्र एकाच दिवशी निघाला बघ. तू असतीस तर म्हणाली असतीस, पंचांगात कधीचंच छापलंय, तुमीच उगाच गच्चीवर जाऊन माना मोडता. आणि मी म्हटलं असतं, छापलेला चंद्र वेगळा आणि दिसलेला वेगळा. अमरीन सांगते की त्या बेटावरचे लोकही महिन्यात दोन रात्री हाताशी ठेवायचे. लागल्या तर घालायच्या, नाही तर नाही. हे तिने सांगितलं त्या दिवशी तू आणि मी किती भांडलो! तू म्हणत होतीस ही तुझ्या तिथीची वृद्धी, मी म्हणत होते हा आमचा एकोणतीस की तीस दिवसांचा महिना. शेवटी अमरीन म्हणाली, "तुम्ही दोघी आपापलं कॅलेंडर त्यांच्या फळीवर टांगताय." खरंच होतं तिचं.

आता ऐक. आज सणाचा दिवस आहे आणि आज मी खोटं लिहिणार नाही.

गेल्या वर्षी तू माझ्याबरोबर गच्चीवर होतीस. सगळ्यांच्या आधी "तो बघ!" म्हणालीस आणि बोट केलंस. तुझ्या बोटापुढे समोरच्या टॉवरवरचा दिवा होता, सुमे. चंद्र केवढा तरी लांब, बाजूला होता. मी म्हटलं, हो हो, दिसला, मुबारक. तू हसलीस. त्या दिवशी मला कळलं.

तेव्हापासून मला माहीत आहे. जिना उतरताना माझा गुडघा दुखायचा ना? माझा गुडघा कधीच दुखत नव्हता. तुझा हात धरायला काहीतरी कारण हवं होतं. मासळी निवडताना तू डोळ्यांनी बघायचं सोडून बोटांनी कल्ले चाचपायला लागलीस, तेव्हा पुतळानेही ओळखलं आणि तीही गप्प राहिली. तू सांगत नव्हतीस म्हणून मी विचारत नव्हते. तुझी गोष्ट, तू सांगशील तेव्हा. आणि हे अक्षर मोठं आहे ते पेनामुळे नाही. घरात साधी पेनं ढीगभर पडलीत.

तेव्हा पान पालथं का लागलं ते मला ठाऊक होतं. तरीही मी बोलले, कारण पोरीने चुकीचं छापलं असतं तर तिचं नाव गेलं असतं. पण तू हलगर्जी आहेस असं मी कधी मनातही आणलं नाही. दिसत नसताना तू ती ओळ काढलीस, आणि एकदोन जागा सोडल्या तर बाकी सगळी बरोबर काढलीस. माझे डोळे शाबूत आहेत तरी मला तसं जमलं नसतं.

आता काय करायचं ते मी ठरवलंय. तुझा पुतण्या कान्हा, शिरवण्यात ज्याचं मशीनवर लाकूड कापायचं वर्कशॉप आहे, त्याच्याकडे अमरीन जाऊन आली. फोटोवरून त्याने सहावी ओळ सागवानी फळीवर खोल कोरून दिलीय. पैसे विचारले तर म्हणाला, "काकीचं काम हाय, पैसं कसलं?" ती फळी या पत्रासोबत पाठवते आहे. डोळे मीट नाही तर उघडे ठेव, हात फिरव. ओळ तुला बोटांनी कळली तर परत ये. तू बोटाने सांगायचं, मी पेनाने काढायचं. एक ओळ दोघींनी.

लेखाची तारीख आज संपते. अमरीनने सरांकडून पंधरा दिवस मागून घेतलेत. त्यापुढे ती मागणार नाही, आणि मीही तुला पुन्हा बोलावणार नाही. मग ओळ कोरीच छापू दे, म्हणून सांगेन मी तिला. तिथे दुसऱ्या कोणाची रेघ येणार नाही.

शीरखुर्मा केलाय. तुझा वाटा फ्रीजमध्ये ठेवलाय. दोन दिवस टिकेल, त्यापुढे मी जबाबदार नाही.

ईद मुबारक. पाडवा मुबारक.

खैरून

सांगली, ९ एप्रिल २०२५

खैरून मावशी, आई सांगते आहे आणि मी लिहिते आहे. एक शब्द बदलायचा नाही असा दम दिलाय. — नमिता

खैरून गो,

फली मिलाली. कान्हाला सांग, काकी बोलली काम चांगलं हाय पन चवथ्या कोरीच्या पुढचा मासा उथल कापलाय. शेपटी बोटाला लागत नाय. तिथं मशीन उचललं असंल त्यानं. बाकीची ओल मी चार दिवस हातानं वाचली. कोरी सगल्या कलतात. नमिता रागावते, जेवताना पन फली मांडीवर घेऊन बसतंय म्हनून.

तुजी सगली पत्रं नमितानं वाचून दाखवली. अक्षर मोठं काढलंस, पन मना तेवढं पन वाचता येत नाय आता. पयलं पत्र आलं तवा मी ते घेऊन खिडकीत उभी राहिली, उजेडात धरून बघितलं. मग नमिताला दिलं. तिला तवाच कललं. ती रडली. मना वाटलं हुतं तुज्या आधी कोनाला कलू नये.

डाक्टरकडं जाऊन आलू. डोल्याचा मधला भाग गेला, बोलला. कडंकडंचं तेवढं राहील. परत येनार नाय. मी त्याला बोलली, बरं.

आता नावाचं. तू बोलतंस नाव लाव, लाव. पन मी आपल्या हापिसाच्या रीतीनं लावनार. नकाशाच्या कोपऱ्यात नावाच्या वर दुरुस्तीचा रकाना असायचा का नाय? चूक कुठं झाली, कोनी पकडली, कवा सुधारली. तो रकाना कोरा दिसला का साहेब नकाशा परत पाठवायचा, बोलायचा, हा कोनी तपासलाच नाय. मंग माझं नाव छापायचं तर त्याच्या वर हे पन छापायचं: सहावी ओल सुमित्रा मढवी हिनं पालथी लावली, खैरुन्निसा मुकादम हिनं पकडली, मग दोघींनी मिलून परत काढली. अमरीनला सांग, हे लिव्हलं नाय तर माझं नाव नको. चूक झाकून नाव लावायला मी काय साहेब हाय का?

आनि पोरीला सांग, मावशीनं तुना रडवलं त्याचं मावशीला फार वाईट वाटतं.

मी येतंय. नमिता बोलली सोडायला येतंय, मी नको बोलली. तिला रजा नाय, आनि कंडक्टरला सांगितलं का तो उतरवतो. मंगलवारी सकालची गाडी हाय, दुपारी सीबीडीच्या पुलाखाली उतरन. तू लवकर येऊन उभी राहा. आनि गाडी थांबली का मना हाक मार, मोठ्यानं मार, लोक बघतील तर बघूं दे. मी तुना शोधनार नाय खैरून, मना दिसत नाय.

सुमित्रा